व्यासांनाही कोणी विचारले होते

आज आषाढ शुद्ध पौर्णिमा, व्यासपूजेचा दिवस. आज घरोघरी गुरुपूजन होईल, मठमंदिरांतून व्यासपीठाला पुष्पहार अर्पण केले जातील आणि आमच्या पंढरीत गोपाळपूरच्या काल्याने आषाढी यात्रेची सांगता होईल. अशा मंगल दिवशी कीर्तनकाराने भगवान व्यासांचे गुणगान करावे, हा परिपाठ आहे. तो मोडण्याचा माझा हेतू नाही. परंतु ज्या व्यासांची आपण पूजा करतो ते एकदा अत्यंत खिन्न होऊन बसले होते आणि त्यांची विचारपूस करण्यास कोणी तरी आपण होऊन आले होते, या गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधावे, असे फार दिवस मनात आहे.

प्रसंग श्रीमद्भागवताच्या प्रथम स्कंधातला आहे. वेदांचे विभाग करून झाले होते, महाभारतासारखा ग्रंथ सिद्ध झाला होता. लोककल्याणासाठी जे जे करावे ते सर्व व्यासांनी केले होते. तरीही सरस्वतीच्या तीरावर एकांतात बसलेल्या त्या महर्षींचे चित्त प्रसन्न नव्हते. उणे काय आहे, हे त्यांचे त्यांनाच उमगेना. नेमके त्याच वेळी देवर्षी नारद तेथे आले आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो ग्रंथाविषयी नव्हे, तर व्यासांविषयी. शरीराने आणि मनाने तुम्ही संतुष्ट आहात ना, असे त्यांनी विचारले. व्यासांनीही काही झाकून ठेवले नाही. सारे काही असूनही अंतःकरणाला समाधान नाही, याचे कारण तुम्हीच सांगा, असे ते मोकळेपणाने म्हणाले.

यानंतर नारदांनी केलेला उपदेश प्रसिद्ध आहे. भगवंताचे निर्मळ यश तुम्ही मनसोक्त गाइले नाही, म्हणून ही रुखरुख आहे, असे त्यांनी सांगितले आणि त्यातूनच पुढे भागवत निर्माण झाले. आम्ही कीर्तनकार हा उपदेश रंगवून सांगतो. पण त्याच्या पुढे जे घडते ते घाईने उरकतो. नारद उपदेश करून थांबत नाहीत, ते स्वतःची पूर्वजन्मीची कथा सांगू लागतात. ते एका दासीचे पुत्र होते. पावसाळ्याचे चार महिने एके ठिकाणी राहिलेल्या साधूंची सेवा त्यांच्याकडे आली आणि त्या चातुर्मासात त्यांना कथाश्रवणाची गोडी लागली. साधू निघून गेले. येथे व्यास त्यांना विचारतात, ते गेल्यावर तुम्ही काय केलेत? म्हणजे ज्याची विचारपूस चालली होती, तोच आता विचारपूस करू लागला! आणि मग नारद सांगतात की, आपण पाच वर्षांचे असताना आई रात्रीच्या अंधारात गाईचे दूध काढण्यास बाहेर गेली आणि सर्पदंशाने तिचा अंत झाला.

ही कथा मी चाळीस वर्षे वैराग्याचा दृष्टान्त म्हणून सांगत आलो. तिचा दुसरा अर्थ मला फार उशिरा कळला. ज्यांच्या नावाने आमचे पीठ आणि ज्यांच्या नावाने आमची गादी, ते दोघे आद्य आचार्य नदीकाठी बसले आहेत. एक आपली तळमळ सांगतो आहे, दुसरा आपल्या आईचा मृत्यू सांगतो आहे. कीर्तनपरंपरेच्या मुळाशी असलेला हा संवाद दोन समानधर्मी जीवांच्या सुखदुःखाचा संवाद आहे. आज आमच्यात तो उरला आहे काय, हा माझा प्रश्न आहे.

कीर्तनकार, पुराणिक, पुरोहित आणि पुजारी ही मंडळी समाजाच्या प्रत्येक सुखदुःखात उभी असतात. बारशाला मंत्र म्हणणारे गुरुजी दहाव्या दिवशी घाटावर पिंडदानालाही असतात. पुत्रशोकाने कोसळलेल्या बापाचा हात धरून त्याच्याकडून तिलांजली देववतात आणि तासाभराने दुसऱ्या घरी वास्तुशांतीस प्रसन्न मुखाने बसतात. बुवा गादीवर उभे राहिले की त्यांच्या घरी काय चालले आहे, हे श्रोत्यांना ठाऊक नसते आणि ठाऊक असावे अशी अपेक्षाही नसते. पूर्वरंग संपला की गळ्यात हार पडतो, कपाळी बुक्का लागतो, लहानथोर पायांवर डोके ठेवतात. एवढा सन्मान ज्याला मिळतो त्याला कोणी जवळ बसवून ‘बुवा, तुमचे कसे चालले आहे?’ असे विचारीत नाही. नमस्काराने आदर व्यक्त होतो, पण अंतरही पडते.

बरे, श्रोत्यांनी विचारले नाही तर आम्ही एकमेकांना तरी विचारतो का? येथे मला माझीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. सुमारे १९९० सालची ती गोष्ट आहे. जवळच्या एका गावी चैत्र शुद्ध प्रतिपदेपासून नवमीपर्यंत रामजन्मोत्सवाची कीर्तने होत. ती सेवा एक ज्येष्ठ बुवा वर्षानुवर्षे करीत असत. त्या वर्षी त्यांचा तरुण मुलगा एकाएकी आजारी पडला आणि त्यांनी गावाला असमर्थता कळविली. पंच माझ्याकडे आले. मी तिशीत होतो, नावलौकिकाची आस होती. मी होकार दिला. त्यात गैर काही नव्हते. उत्सव खंडित होऊ नये, हे योग्यच होते. गैर झाले ते पुढे. मुलगा कसा आहे, हे विचारण्यास मी त्यांच्या घरी गेलो नाही, साधे कार्डही टाकले नाही. दुसऱ्या वर्षी पंचांनी पुन्हा मलाच विचारले, तेव्हा ‘ती सेवा बुवांची आहे, आधी त्यांना विचारा’ हे शब्द माझ्या ओठांवर आले नाहीत. पुढे अकरा वर्षे तो उत्सव माझ्याकडे राहिला. त्या अकरा वर्षांत दोन-तीन समारंभांत आमची गाठ पडली. नमस्कार झाले, शाली पांघरून झाल्या. विचारणे मात्र राहिले.

पुढे २०२० साल उजाडले. १७ मार्चला आमच्या श्रीविठ्ठलाचे मंदिर दर्शनासाठी बंद झाले. २ एप्रिलच्या रामनवमीला गादी सुनी राहिली. १ जुलैच्या आषाढीला संतांच्या पादुका एस. टी. बसने पंढरीस आल्या. त्या वर्षी आश्विन अधिक होता. अधिक मास म्हणजे पुराणकीर्तनाचा हंगाम, तोही गेला. १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला मंदिरे उघडली. पण २०२१ च्या एप्रिलमध्ये ती पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबरच्या घटस्थापनेपर्यंत उघडली नाहीत. या काळात आमच्या क्षेत्रातील कित्येकांची बिदागी, दक्षिणा आणि शिधा थांबला. अनेक वर्षे माझ्या मागे तबला धरून बसणाऱ्या साथीदाराने भाजीची हातगाडी लावली होती, हे मला सहा महिन्यांनी परक्याच्या तोंडून कळले. रोज फोनवर आम्ही एकमेकांना धीराचे बोल ऐकवीत होतो. पण ‘घरात दाणा आहे का?’ असे कोणी कोणाला विचारले नाही आणि ‘नाही’ असे कोणी सांगितले नाही.

त्याच २०२१ च्या श्रावणात दीर्घ आजारानंतर माझी पत्नी निवर्तली. मंदिरे उघडल्यावर नवरात्रात मी पहिले कीर्तन केले. हार पडला, बुक्का लागला, लोक म्हणाले, बुवा स्थितप्रज्ञ आहेत. घरी आलो, कुलूप काढले आणि पागोटे कोनाड्यात ठेवून अंधारातच बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात रिक्षा थांबली. ऐंशी ओलांडलेले तेच ज्येष्ठ बुवा नातवाचा हात धरून उतरले आणि ओसरीवर बसले. उपदेश नाही, गीतेचा श्लोक नाही. ‘जेवतोस ना रे वेळेवर? झोप लागते का?’ एवढेच त्यांनी विचारले. मी काही बोलू शकलो नाही. मग तेच हळूहळू बोलू लागले. ‘माझा मुलगा गेला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी रामनवमी होती. मी सुतकात बसलो होतो. तुझं जन्माचं कीर्तन रंगलं, असं गावाहून आलेल्या माणसानं सांगितलं. बरं वाटलं बघ, गादी रिकामी राहिली नाही.’ मी त्यांचे पाय धरले आणि म्हणालो, ‘बुवा, मी आपल्याला एकदाही विचारलं नाही.’ ते म्हणाले, ‘मी तरी कुणाला सांगितलं? आपल्या लोकांना सांगायची सवयच कुठं असते!’

त्या दिवशी नारद-व्यासांची कथा मला समजली. बुवा माझे दुःख दूर करण्यास आले नव्हते, ते होण्यासारखेही नव्हते. स्वतःचे दुःख माझ्या दुःखाशेजारी आणून ठेवण्यास ते आले होते.

यावर कोणी म्हणेल, ज्याने इतरांना वैराग्य सांगावे त्याने स्वतःचा शोक दाखवावा हे शोभत नाही. हा आक्षेप आदराने ऐकावा, पण तो आपल्या परंपरेला धरून नाही. लोकांच्या बोलांनी व्यथित होऊन ज्ञानदेव ताटी लावून बसले, तेव्हा धाकटी मुक्ताई बाहेर उभी राहिली आणि तिने ताटी उघडण्यासाठी आळवणी केली. ज्ञानेश्वरांसारख्या ज्ञानियालाही दाराशी उभे राहणारे आपले माणूस लागले, मग आम्ही कोण? १२९६ साली आळंदीस समाधीचा सोहळा झाला, त्या वेळच्या संतमंडळींच्या व्याकुळतेचे वर्णन नामदेवरायांनी केले आहे. ते अश्रू त्यांनी लपविले नाहीत. मंगळवेढ्यास कूस कोसळून चोखोबांचा अंत झाला, तेव्हा त्यांच्या अस्थी नामदेवांनी पंढरीस आणून महाद्वारी समाधी दिली, असे परंपरा सांगते. हे संतांचे आपसातले वागणे आहे. गीतेच्या दहाव्या अध्यायात आणि नारदांच्या भक्तिसूत्रांत भक्तांचे वर्णन करताना ‘परस्परम्’ हा एकच शब्द आला आहे. भक्त एकमेकांना बोध करतात, दाटल्या कंठाने एकमेकांशी बोलतात. त्या शब्दात वरचा आणि खालचा असा भेद नाही.

दुःखाचे एक वेळ सोपे असते. आनंद वाटून घेणे त्याहून कठीण. दुसऱ्या बुवांना मोठ्या संस्थानचे आमंत्रण आले, गुरुजींची कन्या उच्च परीक्षेत पहिली आली, की आमच्या तोंडी अभिनंदन आणि मनात तुलना असते. पतंजलींनी चित्तप्रसादाचा उपाय सांगताना दुःखी जनांविषयी करुणा सांगितली आणि सुखी जनांविषयी मैत्री सांगितली. दुसऱ्याच्या सुखाचा मित्र होणे ही साधना आहे, हे त्यांना ठाऊक होते. आनंदात जो आपला झाला नाही, त्याच्यापाशी दुःखात तोंड उघडावेसे वाटत नाही. आमच्यातील मौनाचे एक कारण ही स्पर्धाच आहे.

म्हणून माझ्या समव्यवसायी बंधुभगिनींना माझी नम्र सूचना आहे. व्यासपौर्णिमेस आपण एकत्र येतो, पूजन करतो, सत्कार करतो. त्यानंतर दाराआड तासभर बसावे. कीर्तनकार बुवा आणि कीर्तनकार भगिनी, गुरुजी, पुजारी, गुरव, तसेच तबला-पेटीचे साथीदार, सर्वांनी एकाच सतरंजीवर बसावे. गेल्या वर्षातले एक दुःख, एक अडचण आणि एक आनंद प्रत्येकाने सांगावा. ऐकणाऱ्याने प्रवचन करू नये आणि तेथले बोलणे बाहेर नेऊ नये. ज्याच्या घरी सुतक वा आजार आहे त्याची कामे इतरांनी जरूर करावीत. पण दक्षिणेतला वाटा त्याच्या घरी पोहोचवावा आणि वेळ टळल्यावर त्याची सेवा त्याला परत करावी. मी हे केले नाही, म्हणूनच सांगण्याचा मला अधिकार आहे.

आणि यजमानांनो, आपणांसही एक विनंती आहे. चातुर्मासात आपल्याकडे गुरुजी येतील, श्रावणात पोथी होईल, भाद्रपदात श्राद्धपक्ष होईल. दक्षिणा द्या, नमस्कार करा; पण त्याआधी ‘घरी सर्व कुशल ना?’ असे विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. पहिले उत्तर ‘देवाच्या कृपेने’ असेच येईल. क्षणभर आणखी थांबलात, तर कदाचित खरे उत्तर येईल.

आज गोपाळपुरास काला आहे. गोकुळात सर्व गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या, कोणाची ताजी, कोणाची शिळी, कोणाची नुसती भाकरी. भगवंतांनी त्या सगळ्या एकत्र कालविल्या आणि मगच वाटल्या. काल्यात कोणाचा घास कोणता, हे ओळखू येत नाही. मात्र ज्याने शिदोरी सोडलीच नाही, त्याची शिदोरी काल्यात मिसळत नाही. ते ज्येष्ठ बुवा आता हयात नाहीत. आज काल्याचा प्रसाद घेऊन मी त्यांच्या घरी जाणार आहे आणि त्यांच्या नातवाला विचारणार आहे, ‘बाळ, तुम्ही सगळे कसे आहात?’