जपानशी बोलणी आणि खामगावचा कापूस

बुलढाणा जिल्ह्यात परदेशी पाहुणा आला म्हणजे तो लोणारचे विवर पाहायला आला असणार, हे आता जिल्ह्याने गृहीतच धरले आहे. शंभर वर्षांपूर्वी मात्र परक्या मुलखातील माणूस वऱ्हाडात यायचा तो सरोवरासाठी नव्हे, तर कापसासाठी. इंग्रज, ग्रीक आणि स्विस पेढ्यांनी या मुलखातील कापूस युरोपच्या गिरण्यांना पोहोचवला, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून त्यांच्या पंगतीत जपानी कंपन्याही येऊन बसल्या. जपानशी होणाऱ्या राजनैतिक बोलण्यांचा खामगावच्या बाजारभावाशी थेट संबंध असे, ही गोष्ट आज कोणाला सांगितली तर खरी वाटणार नाही. ती आठवण्याचे कारण ऑगस्ट २०२५ मधील काही घटना.

त्या महिन्याच्या १९ तारखेपासून केंद्र सरकारने आयात कापसावरील ११ टक्के शुल्क माफ केले. ही माफी आधी ३० सप्टेंबरपर्यंतच होती. २७ ऑगस्टला भारतीय मालावरील अमेरिकी शुल्क ५० टक्क्यांवर गेले, आणि दुसऱ्याच दिवशी कापसाच्या शुल्कमाफीची मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवण्यात आली. २९ ऑगस्टला पंतप्रधान टोकियोत होते. तेथे जपानकडून येत्या दशकात १० लाख कोटी येनच्या गुंतवणुकीचे उद्दिष्ट ठरले आणि पाच वर्षांत पाच लाख माणसांची उभय देशांत ये-जा व्हावी, त्यात भारतातून पन्नास हजार कुशल हात जपानला जावेत, असेही जाहीर झाले. एकीकडे वॉशिंग्टनशी बिनसलेले, दुसरीकडे टोकियोशी जुळलेले. या दोन्ही हिशेबांत कापूस पिकवणारा कुठे बसतो, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही. १९३३ साली तो विचारावा लागला होता.

वऱ्हाडचा कापूस जगाच्या बाजारात ‘उमरा’ या नावाने ओळखला जाई. उमरावती म्हणजे अमरावती, तिच्यावरून पडलेले हे व्यापारी नाव, आणि त्यात खामगावचा मालही मोडे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात या कापसाला सोन्याचा भाव आला. १८७० साली खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते जलंब-खामगाव ही रेल्वेची छोटी शाखा सुरू झाली ती त्याच कापसाच्या गाठी मुंबईला नेण्यासाठी. मात्र हा कापूस आखूड धाग्याचा. लँकेशायरच्या बारीक सुताला तो चालत नसे. जपानी गिरण्यांनी मात्र तो अमेरिकन कापसात मिसळून कातण्याचे तंत्र बसवले आणि त्यातून स्वस्त, टिकाऊ कापड काढले. १८९३ मध्ये जमशेटजी टाटा जपानला गेले, तेथील उद्योगपती शिबुसावा एइइची यांच्याशी त्यांची बोलणी झाली, आणि त्याच वर्षी निप्पॉन युसेन कैशा या कंपनीची कोबे-मुंबई जहाजवाहतूक सुरू झाली. इंग्रज जहाज कंपन्यांचा मक्ता त्यामुळे ढिला पडला. (२०२४ पासून जपानच्या दहा हजार येनच्या नोटेवर याच शिबुसावांचे चित्र आहे.) पुढे जपान हा हिंदुस्थानी कापसाचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक बनला. जपानी कंपन्या मुंबईत बसून न राहता कापूस पिकणाऱ्या मुलखात आपले खरेदीदार पाठवू लागल्या.

मग जागतिक मंदी आली. १९३१ च्या अखेरीस जपानने येनचे अवमूल्यन होऊ दिले आणि जपानी कापड इतके स्वस्त झाले की मुंबईच्या गिरण्यांना त्यापुढे टिकणे अवघड झाले. सरकारने ऑगस्ट १९३२ मध्ये ब्रिटिशेतर कापडावरील जकात ५० टक्क्यांवर नेली, एप्रिल १९३३ मध्ये १९०४ च्या हिंद-जपान व्यापारी करारातून बाहेर पडण्याची सहा महिन्यांची नोटीस दिली, आणि जूनमध्ये जकात ७५ टक्के केली. जपानच्या सूतगिरण्यांच्या संघटनेने त्यावर एकच उत्तर दिले: हिंदुस्थानचा कापूस घेणार नाही.

हा बहिष्कार जाहीर झाला तेव्हा हंगाम संपत आला होता, म्हणून त्याची झळ लगेच जाणवली नाही. पण वऱ्हाडात दसरा-दिवाळीच्या सुमारास पहिली वेचणी होते, आणि नवा कापूस बाजारात येईल तेव्हा सर्वांत मोठा गिऱ्हाईक दारात नसेल, ही भीती प्रत्येक जिनिंगवाल्याच्या, अडत्याच्या आणि कास्तकाराच्या मनात होती. जपानला अमेरिकन कापूस मिळू शकत होता. वऱ्हाडच्या आखूड धाग्याला तेवढा दुसरा गिऱ्हाईक नव्हता. मुंबईचे गिरणीमालक जकात वाढवून मागत होते आणि कापूस पिकवणारा मुलूख त्या जकातीची किंमत मोजणार होता. राष्ट्रहिताच्या नावाने चाललेल्या वादात दोन्ही बाजूंना आपलीच माणसे उभी होती, हे ध्यानात घेतले पाहिजे.

सप्टेंबर १९३३ मध्ये सिमल्यात बोलणी सुरू झाली. जपानच्या शिष्टमंडळाचे प्रमुख होते सेत्सुझो सावादा. हिंदुस्थान सरकारच्या वतीने बोलत होते व्यापार खात्याचे सदस्य सर जोसेफ भोर. हे भोर नाशिकला जन्मलेले, पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात शिकलेले मराठी गृहस्थ. देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा देणारी पुढची भोर समिती ती यांचीच. त्याच सुमारास लँकेशायरचे प्रतिनिधीही हिंदुस्थानात आले होते, आणि ऑक्टोबरच्या अखेरीस मुंबईच्या गिरणीमालकांतर्फे होमी मोदी यांनी त्यांच्याशी वेगळा समझोता करून टाकला. गिरणीमालकांची सोय अशी झाली. कास्तकारांतर्फे त्या खोलीत कोणी नव्हते, तरी त्यांचा कापूस होता. जपाननेच तो तेथे आणून ठेवला होता.

जानेवारी १९३४ मध्ये तडजोड झाली आणि त्याच वर्षी १२ जुलैला लंडनमध्ये करारावर सह्या झाल्या. त्याचा गाभा आजही वाचण्यासारखा आहे. जपानने वर्षाला दहा लाख गाठी कापूस घ्यायचा, तर त्याचे साडेबत्तीस कोटी वार कापड येथे येऊ द्यायचे. गाठी वाढल्या तर वारही वाढतील. पंधरा लाख गाठींना कमाल चाळीस कोटी वार. कापूस कमी घेतला तर कापडाचा वाटाही त्या प्रमाणात कमी. जकात ७५ वरून ५० टक्क्यांवर आली. एका शेतमालाची संख्या थेट आंतरराष्ट्रीय करारात लिहिली गेली आणि तिच्यावर दुसऱ्या देशाच्या कारखानदारीचा प्रवेश अवलंबून ठेवला गेला, असे उदाहरण आपल्या व्यापारी इतिहासात क्वचितच सापडेल.

या कराराने वऱ्हाडचा कास्तकार सुखी झाला, असा दावा करण्यात अर्थ नाही. मंदीत कापसाचा भाव पडलेलाच होता, सावकाराचे देणे तसेच होते, आणि करारात गाठींची संख्या होती तरी भावाबद्दल अवाक्षर नव्हते. शिवाय ही सदिच्छेची देणगीही नव्हती. जपानला आपले कापड खपवायचे होते, म्हणून त्याने कापसाचे हत्यार उपसले. पण त्या ओढाताणीत सरकारला मान्य करावे लागले की कापडावरील जकातीचा निर्णय हा कापसाच्या शेताचाही निर्णय असतो.

एकाच गिऱ्हाईकावर विसंबून राहण्याचा धोका पुढे दिसलाच. १९३७ मध्ये जपान चीनच्या युद्धात उतरला, परकीय चलनावर निर्बंध आले. जुलै १९४१ मध्ये जपानची मालमत्ता गोठवण्यात आली आणि व्यापार थांबला. आखूड धाग्याचा कापूस पडून राहू लागला. तेव्हा १९४२ च्या आरंभी सरकारने वटहुकूम काढून परदेशी कापसावर जादा आयात शुल्क बसवले आणि त्या पैशातून आखूड धागा पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या मदतीसाठी निधी उभारला. परकीय सरकार, युद्धाचा काळ, तरीही संकट आले तेव्हा आयात कापसावर कर वाढवून तो शेतकऱ्याकडे वळवण्याची कल्पना सुचली. २०२५ साली संकट आले तेव्हा आयात कापसावरचा कर उतरवण्यात आला.

येथे कापड उद्योगाची बाजूही ऐकली पाहिजे. अमेरिकी शुल्काचा फटका तिरुपूरसारख्या ठिकाणच्या कामगारांना बसला. तयार कपड्यांची निर्यात टिकवायची तर कच्चा माल जागतिक भावाने मिळाला पाहिजे, हा त्यांचा युक्तिवाद चुकीचा नाही. काही प्रकारचा लांब धाग्याचा कापूस आपल्याकडे पुरेसा पिकतही नाही. प्रश्न आहे तो वेळेचा आणि मोबदल्याचा. माफीची वाढीव मुदत ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांवर पडली, म्हणजे नेमकी वेचणी आणि आवक यांच्या तोंडावर. त्यातच सप्टेंबर २०२५ च्या पावसाने विदर्भात अनेक ठिकाणी उभ्या पिकाचे नुकसान केले होते. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आणि मध्यम धाग्याचा ७,७१० रुपये जाहीर झाला होता, आणि भारतीय कापूस महामंडळाची खरेदी हा शेतकऱ्याचा आधार होता. पण खरेदीला मोबाइलवरील नोंदणी लागते, कापसातील ओलावा १२ टक्क्यांच्या आत असावा लागतो, आणि ज्याला दिवाळीपूर्वी उधारी फेडायची असते तो केंद्र उघडण्याची वाट पाहत नाही. १९३४ मध्ये हे हमीभावाचे कवच नव्हते, हे मान्य. तरी त्या वेळी सवलतीच्या बदल्यात किती कापूस उचलला जाईल याचा आकडा होता. या वेळी अधिसूचनेत तारखा होत्या, गाठी नव्हत्या.

जपानच्या बाजूने पाहिले तर चित्र अगदी बदलले आहे. ओसाकाच्या ज्या गिरण्यांनी वऱ्हाडचा कापूस मागितला, त्या जवळजवळ इतिहासजमा झाल्या. २०११ पासून भारत आणि जपान यांच्यात सर्वंकष आर्थिक भागीदारी करार लागू आहे आणि त्यानुसार भारतीय कपडे जपानच्या बाजारात विनाशुल्क जाऊ शकतात. तरीही तेथील दुकानांत चीन, व्हिएतनाम आणि बांगलादेशचे कपडे दिसतात, आपला वाटा नगण्य आहे. जपानी खरेदीदाराची तपासणी कडक, मागणीच्या खेपा लहान आणि मुदत काटेकोर. शुल्क शून्य झाले म्हणून या अटी सुटत नाहीत. परिणाम असा की जपानकडून आपली आयात निर्यातीच्या सुमारे तिप्पट आहे. बोलण्यांचे विषय आता सेमीकंडक्टर, बुलेट ट्रेन, संरक्षण आणि मनुष्यबळ हे आहेत. यांपैकी बुलढाण्याच्या वाट्याला फार तर शेवटचा विषय येईल. चिखली-मेहकरकडील एखादी मुलगी जपानी भाषा शिकून तेथे परिचारिका होईल, आणि झाली तर आनंदच आहे. पण ती गेल्यावर मागे राहिलेल्या शेताचा प्रश्न तसाच राहतो.

त्या शेतात कापूस तरी किती उरला आहे? घाटावरच्या तालुक्यांत सोयाबीनने त्याची जागा कधीच घेतली. घाटाखाली, मलकापूर-नांदुरा-खामगावच्या काळ्या जमिनीत तो अजून आहे. अमरावतीजवळ नांदगाव पेठ येथे वस्त्रोद्योगाचे मोठे पार्क उभारण्याची केंद्राची योजना आहे. दहा लाख कोटी येनच्या गुंतवणुकीतला छोटासा भाग, त्यासोबत जपानी खरेदीदारांचे तपासणीचे शिस्तबद्ध तंत्र, तेथपर्यंत आणता येईल का, हे आपल्या लोकप्रतिनिधींनी टोकियोहून परतलेल्या मंडळींना विचारायला हवे. आणि पुढच्या वेळी आयात शुल्क माफ करण्याची वेळ आलीच, तर त्याच अधिसूचनेत आणखी एक कलम मागावे: माफीच्या मुदतीत महामंडळ विदर्भातून किती गाठींचा कापूस घेईल, त्याचा आकडा, आणि खरेदी केंद्रे कोणत्या तारखेला उघडतील तेही.