पाच पावलांवरची बुट्टी

लांब फेकणाऱ्याचं कौतुक सगळेच करतात. जवळचा नेम चुकला की मात्र लोक हसतात. अमेरिकेत खेळल्या जाणाऱ्या डिस्क गोल्फ या खेळात हे हसू फार बोचतं, कारण पुष्कळदा निकाल त्या जवळच्या नेमावरच लागतो.

आपल्या भागात हा खेळ फारसा कुणी पाहिलेला नाही. गोल्फसारखाच, पण चेंडूऐवजी प्लास्टिकची चकती आणि खड्ड्याऐवजी खांबावर बसवलेली लोखंडी बुट्टी. (बुट्टी आपल्या मराठीतही आहे आणि कन्नडमध्येही, तेव्हा तोच शब्द बरा!) बुट्टीच्या वर साखळ्या लोंबतात. चकती त्यांवर आदळली की तिचा वेग मरतो आणि ती खाली पडते. एड हेड्रिक यांनी १९७५ साली कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिलं कायमचं मैदान आखलं. साखळ्यांची बुट्टीही त्यांचीच. बुट्टीपासून १० मीटरच्या आतली फेक म्हणजे पटिंग.

माझी बहीण नॉर्थ कॅरोलिनात शार्लटला राहते. उन्हाळी सुट्टीत तिच्याकडे गेले होते, तेव्हा चौदा वर्षांच्या भाच्याने शनिवारचा खेळ सोडून दिला होता. नवं गाव, नवी शाळा, ओळखी झालेल्या त्या एवढ्याच मैदानावर. पण सोपे नेम चारचौघांत दोन-तीनदा हुकले आणि स्वारी घरी बसली. "मावशी, मला जमतच नाही ते," एवढंच म्हणाला.

भावोजींनी उपदेश केला नाही. परसात एक बुट्टी आणून उभी केली आणि त्याला तिच्यापासून अवघ्या पाच पावलांवर उभं केलं. दहा चकत्या. आठ पडल्या तरच एक पाऊल मागे. हुकली की भावोजी म्हणायचे, "इरली, मत्ते नोडोण." असू दे, पुन्हा बघू. बस्स!

रोज संध्याकाळी पायरीवर बसून पाहताना बरंच कळत गेलं. अंगठा चकतीच्या वर, बाकीची बोटं खाली, पकड घट्ट पण मनगट मोकळं. एक पाय पुढे, एक मागे. शरीराचा भार मागून पुढच्या पायावर यायचा आणि हात बुट्टीच्या दिशेने सरळ लांबवायचा. नजर अख्ख्या बुट्टीवर नव्हे, साखळीच्या एका कडीवर. कुणी मनगटाने जोराची फिरकी देऊन चकती सपाट पाठवतात. कुणी फिरकी कमी ठेवून पायांच्या जोराने अलगद ढकलतात. अशी चकती हुकली तरी फार लांब जात नाही, पुढची फेक सोपी राहते. दोन्ही रीती बरोबर. मात्र एक धरावी आणि रोज तीच करावी. वारा समोरून असेल तर चकती वर उचलली जाते, म्हणून नेम थोडा खाली धरायचा. पाठीमागून असेल तर ती लवकर बसते, म्हणून थोडा वर.

या खेळातला एक नियम मला फार आवडला. १० मीटरच्या आत फेकल्यानंतर तोल सावरून स्थिर झाल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचं नाही. नेम लागो वा चुको, आधी नीट उभं राहायचं.

तिसऱ्या शनिवारी भाचा आपण होऊन मैदानावर गेला. नेम अजूनही हुकतात, पण आता हुकलेली चकती उचलून तो पुढच्या बुट्टीकडे चालू लागतो.

वाचकहो, आपल्या घरातही एखादं मूल पाढ्यांपाशी, कन्नडच्या ओत्ताक्षरांपाशी किंवा सायकलपाशी अडून "जमत नाही" म्हणत असेल. आपण लगेच शेजारच्या मुलाचं लांबचं यश दाखवतो. त्यापेक्षा बुट्टी जवळ आणावी. दहातले आठ पडेपर्यंत तिथेच उभं राहू द्यावं, आणि हुकलेल्याची मोजदाद मोठ्यांनी करू नये. मागे सरायचं पाऊल मूल स्वतःच टाकतं.