घोडा थकला आहे, मेला नाही!

दिवाळी जवळ आली की आमच्या कल्याण-कर्जत मार्गावरच्या लोकलमध्ये फराळापेक्षा खरेदीच्या गप्पा अधिक रंगतात. विठ्ठलवाडीला चढलेला गृहस्थ बदलापूरला उतरेपर्यंत बोलता बोलता अर्धा संसार बदलून मोकळा होतो. त्यात हल्ली एक वाक्य हटकून कानी पडते : "लॅपटॉप फार स्लो झालाय हो! या पाडव्याला नवा घेऊन टाकतो."

घेऊन टाकतो! आपली मराठी मोठी खट्याळ आहे. घ्यायचा असतो नवा आणि टाकायचा असतो जुना. पण बोलणाऱ्याच्या तोंडून दोन्ही क्रिया ती एका दमात वदवून घेते. माझा आक्षेप घेण्याला नाही. ज्याला गरज आहे त्याने खुशाल घ्यावा. माझा आक्षेप आहे तो या बेफिकीर 'टाकण्या'ला. मंद झालेले यंत्र म्हणजे मेलेले यंत्र नव्हे. आणि ते थकले आहे की मेले आहे, हा निवाडा नवे विकणाऱ्याच्या हाती देणे म्हणजे मांजराला शिंक्याची राखण सांगणे होय.

माझेच पाहा. 2017 साली घेतलेला माझा लॅपटॉप सात वर्षांनी असा रेंगाळू लागला की सकाळी त्याची कळ दाबून मी चहा टाकावा, चहा पिऊन व्हावा, तरी पडद्यावर आपले ते गोल चक्र फिरतेच आहे. एका झगझगीत दालनात तो घेऊन गेलो. तिथल्या तरुणाने झाकणसुद्धा उघडले नाही. बाहेरूनच नजर टाकली आणि म्हणाला, "काका, हा आता संपला. नवा घ्या. पंचेचाळीस हजारांत चांगला येईल, हप्त्याने देतो." नाडी न पाहता मृत्यूचा दाखला लिहून देणारा वैद्य मी त्या दिवशी प्रथमच पाहिला!

मी तेथून निघालो तो उल्हासनगरला, कॅम्प नंबर दोनमधल्या एका अरुंद गाळ्यात गेलो. तिथल्या कारागिराने आधी चार स्क्रू काढले आणि मग तोंड उघडले. त्याने जे दाखवले ते घरोघरच्या गृहिणींना माझ्यापेक्षा लवकर समजेल. लॅपटॉपातला रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा आणि हार्ड डिस्क म्हणजे माळा. ओटा ऐसपैस असला तर चकलीचे पीठ, शंकरपाळ्यांचे पोळपाट, चिवड्याची परात एकाच वेळी मांडता येते. ओटा हातभर असला तर एक जिन्नस खाली घ्यायचा म्हणजे दुसरा माळ्यावर ठेवायचा! चार जीबीच्या रॅमचे तसेच होते. जागा पुरली नाही की यंत्र आपले सामान डिस्कवर नेऊन ठेवते आणि लागेल तसे पुन्हा खाली आणते. बरे, ती जुनी डिस्क म्हणजे खरोखरीच फिरणारी तबकडी. मिनिटाला 5,400 फेरे घेते आणि तिच्यावरून एक बारीक दांडी माहिती शोधत हिंडते. प्रोसेसर, म्हणजे रांधणारी बाई, चपळच असते हो. तिचा सारा वेळ शिडी चढण्या-उतरण्यात जातो. आणि दोष कुणाला, तर बाईला!

कारागिराने फिरती तबकडी काढून एसएसडी बसवली. तिच्यात हलणारा भागच नसतो. रॅम वाढवला, पंख्यात साचलेली धूळ झाडली. मजुरीसकट साडेचार हजारांच्या आसपास खर्च आला. जे यंत्र उठायला पाच मिनिटे घेई ते अर्ध्या मिनिटाच्या आत उठून बसू लागले. ही 2024 ची गोष्ट. 2025 च्या अखेरीस रॅमचे भाव कडाडले, त्यामुळे आज हिशेब थोडा चढा येईल. पण नव्या लॅपटॉपातही रॅमच असतो, तो काही कुणी आजोळचा आहेर म्हणून घालत नाही!

पंचेचाळीस हजार आणि साडेचार हजार. मधल्या फरकाला आमच्या भागात फार मोठा अर्थ आहे. मुंबईत जागा परवडेना म्हणून जो माणूस बदलापुरात आला, जो घराचे हप्ते फेडतो, मुलांची फी भरतो आणि पहाटेच्या लोकलला लोंबकळून फोर्ट गाठतो, त्याच्या घामाचे ते पैसे आहेत. बिनव्याजी हप्ता म्हटला तरी हप्ता तो हप्ताच. दिवाळी चार दिवसांत सरते, हप्ता पुढच्या दिवाळीपर्यंत दारात उभा असतो.

आता दुकानदारापेक्षा मोठ्या दाखलेवाल्याकडे वळतो. 14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा नेहमीचा सांभाळ थांबवला. विंडोज 11 साठी कंपनीने अशा अटी घातल्या की इंटेलचे आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर दाराबाहेरच राहिले. म्हणजे माझ्यासारख्यांची धडधाकट यंत्रे एका फर्मानाने म्हातारी ठरली. सुरक्षेच्या दुरुस्त्या न मिळणाऱ्या यंत्रावर बँकेचे व्यवहार करणे धोक्याचे, हे मलाही मान्य आहे. पण त्यावर उपाय यंत्र फेकणे हाच नव्हे. लिनक्स आहे, ते फुकट मिळते, जुन्या यंत्रावर हलक्या पावलाने चालते आणि त्यावर मराठी उत्तम लिहिता येते. हा लेख मी त्यावरच लिहितो आहे.

'जुने वापरणे म्हणजे दारिद्र्याचे लक्षण' असे मानणाऱ्यांना मी आमच्या तीन गावांची फेरी घडवीन. उल्हासनगर घ्या. दुसऱ्या महायुद्धात लष्कराने कल्याणजवळ बराकी उभारल्या. युद्ध संपले, त्यांचे कामही संपले. मग फाळणी झाली आणि सिंधमधून घरदार टाकून आलेली हजारो कुटुंबे त्याच बराकींत राहिली. 8 ऑगस्ट 1949 रोजी या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळाले. आज उभे आहे ते गजबजलेले शहर त्या निकामी ठरलेल्या छावणीच्या अंगावर वाढले आहे. 'यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा विनोद करून आपण वर्षानुवर्षे हसलो; पण बिघडलेली वस्तू उघडून पाहण्याची हिंमत अजून त्याच बाजारात भेटते.

अंबरनाथ घ्या. इथल्या ऑर्डनन्स फॅक्टरीने आणि 1953 सालच्या मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरीने फिटर-टर्नरांच्या पिढ्या घडवल्या. त्यांतल्या कुणाही निवृत्त माणसाला विचारा, लेथ कुरकुरला म्हणून कुणी तो भंगारात घालतो काय? बेअरिंग बदलतात, तेलपाणी करतात, पुन्हा कामाला लावतात. खंडेनवमीला आपण याच भावनेने हत्यारांची पूजा करतो. आणि तीन आठवड्यांच्या आत, धनत्रयोदशीच्या मुहूर्तावर, त्याच हत्यारावर 'जुना द्या, नवा घ्या'ची चिठ्ठी चिकटवतो!

आणि बदलापूर? तिथले जुने लोक सांगतात, या वाटेने जाणारे घोडेस्वार इथे घोडे बदलीत, म्हणून हे बदलापूर. दंतकथा म्हणा हवी तर. पण तिच्यातले शहाणपण पाहा. दमलेला घोडा कुणी रानात सोडून देत नसे. त्याला चारा मिळे, नाल ठोकले जात, आणि चार दिवसांनी तो दुसऱ्या स्वाराला घेऊन वाटेला लागे. बदलणे आणि टाकून देणे यांतला भेद त्या मोतद्दारांना कळत होता. आपल्याला कळेनासा झाला आहे.

टाकलेले जाते कुठे, हेही कधी विचारा. 2022 या एका वर्षात जगात 6 कोटी 20 लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निघाला. त्यातला रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद आहे ती जेमतेम 22 टक्क्यांची. आपल्याकडे 1 एप्रिल 2023 पासून नवे ई-कचरा नियम लागू आहेत आणि उत्पादकांवर जबाबदारी आहे. पण हातगाडीवरच्या भंगारवाल्याला दिलेल्या यंत्राला नियम कुठले? तारा जाळून तांबे काढतात, पट्ट्या आम्लात बुडवून धातू काढतात. 1060 साली बांधलेल्या शिवमंदिराला वळसा घालून वालधुनी पुढे उल्हासनगरात जाते. तिचे पाणी पाहिलेल्या माणसाला 'टाकून दिले' या शब्दांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

मी आंधळा जुनाट नाही. मदरबोर्ड जळला असेल, दुरुस्तीचा खर्च नव्याच्या अर्ध्यावर जात असेल, किंवा घरातल्या मुलीचा अभ्यास त्या यंत्राच्या आवाक्याबाहेर गेला असेल, तर नवा जरूर घ्या, आनंदाने घ्या. बॅटरी फुगली असेल तर एक दिवसही वापरू नका. पण घेताना विचारा : यात रॅम वाढवता येतो काय? डिस्क बदलता येते काय? बऱ्याच सडपातळ, देखण्या लॅपटॉपांत रॅम बोर्डालाच डाक देऊन जोडलेला असतो. पुढे वाढवायचा म्हटला तर सोयच नाही. असे यंत्र म्हणजे नाल न ठोकता येणारा घोडा. आणि जुना देताना त्यातली माहिती नीट पुसून द्या.

तेव्हा वाचकहो, यंदा पाडव्याच्या खरेदीला निघण्याआधी घरातला जुना लॅपटॉप एकदा तरी उघडून घ्या. पण ज्याला विकायचे काही नाही अशा कारागिराकडून. तो म्हणाला, गेला, तर माझी तक्रार नाही. पण तो म्हणाला, याला फक्त चारा हवा आहे, तर पाठीवरचे ओझे कुणाच्या घरी उतरवायचे ते तुम्ही ठरवा. नव्या घोड्याचे पैसे तुमच्या खिशातून जायचे आहेत, दालनवाल्याच्या नव्हे.