टायर कोणाच्या चुकीने फुटतो?

टायर फुटला की ड्रायव्हरला दोष देऊन आपण मोकळे होतो. अमेरिकेत 2000 साली फायरस्टोन कंपनीने सुमारे 65 लाख टायर परत बोलावले. भरधाव गाडीत टायरचा वरचा थर सुटायचा आणि फोर्ड एक्सप्लोरर उलटायची. सरकारी नोंदीत 271 मृत्यू! आम्हाला चीड येते ती याची, की फोर्डने 1999 मध्येच सौदी अरेबियात टायर बदलून दिले होते. घरच्या ग्राहकाला पत्ताच नाही.

आपल्याकडे सदोष वाहन परत घ्यायला लावणारे कलम 110-अ मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने आले. पण असा माल ओळखायचा तो टायरच्या कडेवरच्या नंबरावरून. त्याचे शेवटचे चार आकडे 2319 असतील, तर टायर 2019 च्या तेविसाव्या आठवड्यातला. वाचकहो, पावतीवर पूर्ण नंबर लिहून घ्या. दुकानदार कुरकुरला तर कुरकुरू द्या.