लिहिलेलें तें निर्जीवच काय?

परवां एका सभेंत एका विद्वान वक्त्यांनीं पाश्चात्य संगीताचा निकाल दोन वाक्यांत लाविला. तिकडील वादक म्हणे कागदाचा ताबेदार. रचनाकारानें लिहावें आणि त्यानें मुकाट्यानें वाजवावें. प्रतिभेस वाव काय तो आमच्याच आलापांत! सभेनें टाळ्या वाजविल्या. आमच्या सुशिक्षित घरांतून हें मत आतां इतकें रुळलें आहे कीं, त्यास पुरावा मागण्याचें कोणास सुचत नाहीं. आम्ही तो मागतों, आणि उलट पुरावा म्हणून सतराव्या शतकांतील फ्रेंच प्रील्यूड पुढें करितों.

प्रील्यूड म्हणजे मुख्य रचनेपूर्वीं वाजवावयाचें प्रास्ताविक. फ्रान्समध्यें त्याचा मुक्त प्रकार ल्यूटवादकांच्या हातीं वाढला. ल्यूटला आतड्याच्या ताती असत. हवा पालटली कीं त्यांचे स्वर ढळत. म्हणून वादक प्रथम तारा छेडून वाद्य जुळलें आहे ना तें पाही, बोटें मोकळीं करी, आणि पुढील रचनेचे स्वर श्रोत्यांच्या कानांत मुरवी. ल्यूटच्या लिपींत आडव्या रेघा म्हणजे तारा व अक्षरें म्हणजे पडदे. कालमान वरच्या खुणांनीं कळे. प्रील्यूड लिहितांना ह्या खुणा पुष्कळदां गाळलेल्या आढळतात.

हीच चाल हार्पसिकॉर्डवादकांनीं उचलली. हें वाद्य दिसावयास पियानोसारखें. पण त्यांत तारेवर हातोडी पडत नाहीं, पिसाच्या देठाची बारीक नखी ती छेडते. लुई कूपरँ (मृत्यु १६६१) याचे प्रील्यूड पाहा. कित्येकांच्या मध्यें मात्राबद्ध भाग येतो. एरवीं सारे स्वर एकाच आकाराच्या पोकळ चिन्हांनीं मांडलेले. खंडरेषा नाहींत, मात्रा नाहींत. केवळ लांब वक्र रेषा. कोठें थांबावें, कोठें धांवावें, हें वादकानें ठरवावयाचें.

हा लेखकाचा आळस असें कोणी म्हणेल, तर त्याच कूपरँच्या नृत्यरचनांत मात्रा कांटेकोर आहेत. शिवाय त्याचा एक प्रील्यूड फ्रोबर्गर या जर्मन रचनाकाराच्या अनुकरणानें लिहिला असल्याचें त्याच्या शीर्षकांतच नमूद आहे. त्याचा आरंभ फ्रोबर्गरच्या एका टोकाटाशीं स्पष्टपणें जुळतो. फ्रोबर्गरनें तेथें कालमान लिहिलें आहे. कूपरँनें तें सोडून दिलें आहे. ज्यास लिहितां येतें त्यानें जाणून न लिहिणें, यास आळस म्हणत नाहींत. वादकावरील विश्वास म्हणतात.

पुढें त्याचा पुतण्या फ्रांस्वा कूपरँ यानें १७१६ सालीं आपल्या वादनशिक्षणाच्या ग्रंथांत आठ प्रील्यूड छापले. ते मात्रांत बसविले ते शिकण्या-शिकविण्याच्या सोयीसाठीं. जेथें तशी सूचना नाहीं तेथें ते मोकळेपणानेंच वाजवावे, हें त्यानें स्वतःच सांगितलें. म्हणजे कागदावर मात्रा दिसली तरी वादन मात्रेंत जखडलेलें असेलच असें नाहीं. मग नुसता कागद पाहून निकाल देणारांची काय कथा?

मात्र यावरून "हा तर आमचाच आलाप" अशी दुसरी फुशारकी कोणी मारूं नये. आलापांत स्वरांचा मार्गही गायक स्वतः शोधतो. येथें स्वर व त्यांचा क्रम ठरलेला असून काळ तेवढा मोकळा आहे. ही स्वातंत्र्याची निराळी जात आहे. अठराव्या शतकांत हें लेखन मागें पडलें, हेंही आम्हांस मान्य आहे. परंतु एखादी रीत मागें पडली म्हणून ती नव्हतीच असें ठरत नाहीं.

आपल्या संगीताचा अभिमान आम्हांसही आहे. पण तो दुसऱ्याच्या अज्ञानावर नव्हे, आपल्याच अज्ञानावर उभा राहूं लागला, तर त्यास अभिमान कोण म्हणेल? ज्यास एखादी लिपी वाचतां येत नाहीं, त्यानें तिला मुकी ठरविण्याची घाई करूं नये.