दुसरा प्याला

गेल्या सत्रात द्वितीय वर्षाच्या वर्गाला 'एकच प्याला' शिकवत होतो. सुधाकराच्या शेवटाशी आलो आणि नेहमीचे शब्द आपोआप तोंडी आले: अटळ पतन, दुबळी इच्छाशक्ती, शोकात्म दोष. मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, पण याला कुणी डॉक्टरकडे का नेत नाही?" वर्ग हसला. मीही हसलो आणि 1919 सालच्या रंगभूमीचे संकेत समजावून सांगू लागलो. तास संपला, तरी प्रश्न संपला नाही. मी उत्तर दिले नव्हते, प्रश्नाला बगल दिली होती, हे घरी येईपर्यंत पुरते उमगले.

या लेखाचे म्हणणे थोडक्यात असे: व्यसनी माणसाविषयी मराठी साहित्यव्यवहाराला दोनच कथानके ठाऊक आहेत. एक पतनाचे, दुसरे पश्चात्तापाचे. पहिल्यात माणूस मरतो, दुसऱ्यात तो निश्चयाच्या बळावर उठून उभा राहतो. तिसरेही एक कथानक आहे. त्यात माणूस रोज सकाळी औषध घेतो, कामावर जातो, संध्याकाळी घरी येतो. त्याला उत्कर्षबिंदू नाही आणि पडदा पडण्याचा क्षणही नाही. आपल्या समीक्षेला ते दिसत नाही. ही केवळ अभिरुचीची उणीव असती तर मी लिहायला बसलो नसतो.

हे तिसरे कथानक ज्यांनी आयुष्यभराच्या कामातून घडवले त्यांत डॉ. मारी निस्वँडर यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. त्यांचा जन्म 1919 चा. 'एकच प्याला' रंगभूमीवर आले ते हेच साल. याच साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, व्यसनाधीन माणसाला केवळ त्याची गरज भागवण्यासाठी मॉर्फिन लिहून देणे हा वैद्यकीय उपचार ठरत नाही. 1914 च्या हॅरिसन कायद्याला हा अर्थ मिळाल्यावर अफूजन्य पदार्थांच्या व्यसनाचा प्रश्न दवाखान्यातून उठून पोलीस ठाण्यात गेला. डॉक्टरांवर खटले झाले, काहींना तुरुंगवास घडला. इकडे आपण नाटकगृहात सुधाकराला दोषी ठरवत होतो, तिकडे न्यायालय त्याच्या डॉक्टरला दोषी ठरवत होते. दोन्हीकडचे गृहीतक एकच: हा चारित्र्याचा प्रश्न आहे.

निस्वँडर यांना नौदलात शल्यविशारद व्हायचे होते. स्त्री म्हणून ती वाट बंद झाली आणि सार्वजनिक आरोग्य सेवेने त्यांना केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन येथे पाठवले. तिथे व्यसनाधीनांसाठी संघराज्य सरकारचे रुग्णालय होते. रुग्णालय म्हणायचे, पण निम्मा तुरुंगच. रुग्णांशी तिथे ज्या तुच्छतेने वागले जाई ते पाहून त्या हादरल्या. न्यूयॉर्कला परतून त्या मनोविश्लेषक झाल्या, आणि जे रुग्ण घ्यायला इतर डॉक्टर नाखूश असत ते घेऊ लागल्या. त्यांत जॅझ वादक होते, पूर्व हार्लेममधले गरीब तरुण होते. 1956 साली त्यांचे पुस्तक आले. व्यसनाधीन माणूस हा रुग्ण आहे, एवढे साधे विधान त्याच्या शीर्षकातच होते. ते विधान किती धाडसाचे होते याची कल्पना तीन वर्षांनी घडलेल्या एका घटनेवरून यावी: 1959 साली गायिका बिली हॉलिडे न्यूयॉर्कच्या रुग्णालयात मृत्युशय्येवर असताना अमली पदार्थ बाळगल्याच्या आरोपावरून त्यांना अटक झाली होती आणि खोलीवर पोलिसांचा पहारा होता.

निस्वँडर यांचे मोठेपण मला दिसते ते यापुढच्या वळणावर. मनोविश्लेषणाने हे रुग्ण बरे होत नाहीत, हे त्यांनी स्वतःच्या अनुभवातून मान्य केले. ज्या विद्येत आयुष्याची उमेदीची वर्षे घातली ती इथे अपुरी पडते, असे म्हणायला धैर्य लागते. त्यांचे पुस्तक वाचून रॉकफेलर संस्थेतील चयापचयाचे अभ्यासक डॉ. व्हिन्सेंट डोल यांनी त्यांना बोलावून घेतले. 1964 मध्ये दोघांचे काम सुरू झाले. तरुण डॉक्टर मेरी जीन क्रीक त्याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या. रुग्णांना प्रथम मॉर्फिन देऊन पाहिले. मात्रा वाढतच गेली, आणि रुग्ण दूरचित्रवाणीसमोर बसून पुढच्या टोचणीची वाट पाहू लागले. मग मेथाडोन दिले आणि चित्र पालटले. कुणी रंग मागितले, कुणी सुटलेल्या शिक्षणाची चौकशी करू लागले.

यात चमत्कार नाही, औषधशास्त्र आहे. हेरॉइनचा अंमल काही तासांत ओसरतो आणि शरीर तडफडू लागते. व्यसनाधीन माणसाचा दिवस या चार-सहा तासांच्या घड्याळाला बांधलेला असतो. मेथाडोन तोंडावाटे घेता येते आणि दिवसभर पुरते. योग्य मात्रेवर स्थिरावलेल्या माणसाला त्याने नशा चढत नाही, तडफडही होत नाही, आणि वरून हेरॉइन घेतले तरी त्याची धुंदी फारशी जाणवत नाही. 1965 च्या ऑगस्टमध्ये 22 रुग्णांवरील अनुभवाचा निबंध प्रसिद्ध झाला. हे औषध फळांच्या रसात किंवा सरबतात मिसळून देत. म्हणजे रोज एक प्याला. गडकऱ्यांच्या प्याल्याला मिळालेले हे उत्तर आपल्या वर्गांपर्यंत अजून पोहोचलेले नाही.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप मी एका चर्चासत्रात ऐकला. व्यसनविषयक आत्मकथनांवर निबंध वाचणाऱ्या एका विद्वान सहकाऱ्याने सांगितले, "औषधाने सुटलेले व्यसन हे सुटलेले नव्हेच, ते फक्त एका व्यसनाच्या जागी दुसरे." टाळ्या पडल्या. मधुमेहाचा रुग्ण रोज इन्शुलिन टोचून घेतो. त्याला आपण इन्शुलिनचा व्यसनी म्हणतो काय? शरीर एखाद्या द्रव्यावर अवलंबून असणे वेगळे, आणि त्या द्रव्यापायी घर, काम, नाती उधळली जाणे वेगळे. भाषेच्या प्राध्यापकाला हा भेद कळू नये, हे दुर्दैव आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. अमेरिकेतील काळ्या वस्त्यांमधील काही कार्यकर्त्यांनी म्हटले की, दारिद्र्य आणि वंशभेद तसेच ठेवून माणसांना औषधाच्या खिडकीशी बांधणे हा नियंत्रणाचा नवा प्रकार आहे. यात तथ्य आहे. 1972 नंतरच्या सरकारी नियमांनी उपचाराला हजेरीपटाचे रूप दिले आणि त्यावर स्वतः डोल यांनीच कठोर टीका केली. मेथाडोन निर्धोकही नाही. त्याची मात्रा चुकली तर ते जीव घेऊ शकते. पण या टीकेतून निष्कर्ष निघतो तो खिडकीवरची वागणूक बदलण्याचा, औषध काढून घेण्याचा नव्हे. मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन घेत असलेल्या काळात या रुग्णांचे मृत्युप्रमाण उपचाराबाहेरच्या काळापेक्षा निम्म्याहूनही कमी असते, हे अनेक देशांतील अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसले आहे. 2005 साली जागतिक आरोग्य संघटनेने ही दोन्ही औषधे अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली.

तिसरा आक्षेप खास आपला, साहित्यिकांचा आहे: मग माणसाच्या निश्चयाचे काय? त्याच्या आत्मिक संघर्षाचे काय? माझे उत्तर असे की, चार तासांच्या घड्याळातून सुटल्याशिवाय निश्चयाला जागाच मिळत नाही. संघर्ष असतोच, फक्त तो आपल्याला हवा तितका नाट्यमय नसतो.

आपल्याकडे 1986 साली डॉ. अनिता अवचट यांनी पुण्यात 'मुक्तांगण' उभे केले, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांचा त्याला आधार होता. अनिल अवचटांच्या 'गर्द'ने मराठी वाचकाला हेरॉइनच्या विळख्याची पहिली खरी ओळख करून दिली. त्या कामाविषयीचा आदर योग्यच आहे. माझे भांडण त्या कामाशी नाही, आपल्या वाचनाशी आहे. त्यातून आपण निश्चयाची गोष्ट तेवढी उचलली आणि तोच एकमेव शेवट मानला. 2019 साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात अफूजन्य पदार्थ घेणारे सुमारे 2.26 कोटी आहेत, आणि त्यांपैकी सुमारे 77 लाखांना मदतीची गरज आहे. एवढ्या माणसांना आपण एकच गोष्ट सांगत आहोत.

आपला शब्दच पाहा. संस्कृतात 'व्यसन' म्हणजे संकट, आपत्ती असाही अर्थ आहे. मराठीने त्यातला दुर्गुण ठेवला, आपत्ती गाळली. पुढे 'मुक्ती' जोडली. मुक्ती हा अध्यात्मातला शब्द. ती मिळते किंवा मिळत नाही, अर्धी मुक्ती नसते. मधुमेहमुक्ती, रक्तदाबमुक्ती असे आपण कधी म्हणत नाही. तिथे आपल्याला 'आटोक्यात आहे' हा सुंदर, नम्र शब्दप्रयोग सुचतो.

आणि आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. माझा एक माजी विद्यार्थी गर्दमधून बाहेर पडून ब्युप्रेनॉर्फिन घेत होता. जिभेखाली विरघळणारी गोळी. त्याला नोकरी होती. तो पुस्तके विकत घेई, वर्षातून एकदा भेटायला येई. एका भेटीत मी त्याला म्हणालो, "छान चाललंय रे. आता ती गोळीही सोड, म्हणजे खरा सुटलास." घरचेही तेच म्हणत होते. त्याने डॉक्टरांना न विचारता गोळी सोडली. काही महिन्यांनी तो पुन्हा गर्दकडे वळला, आणि सवय मोडलेल्या शरीराला जुनी मात्रा झेपली नाही. त्याचे जाणे माझ्या एका वाक्यामुळे झाले असे मी म्हणणार नाही. एवढे महत्त्व मला नाही. पण ते वाक्य मी कुठून आणले होते, हे मला पक्के ठाऊक आहे. वीस वर्षे तेच शिकवत आलो होतो.

निस्वँडर 1986 साली वारल्या. डोल यांना लास्कर पुरस्कार मिळाला तो 1988 साली. त्यांच्या कार्यावर मराठीत काही लिहिले जावे, अशी विनंती या निमित्ताने करतो. पण त्याआधी आपल्या वर्गात करण्याजोगे एक काम आहे. 'एकच प्याला' अवश्य शिकवावे. ते थोर नाटक आहे. मात्र सुधाकराच्या शेवटाला 'अटळ' म्हणण्यापूर्वी थांबावे. दारू आणि हेरॉइन यांचे उपचार वेगळे आहेत, हेही सांगावे. सुधाकर सोडू पाहतो, पुन्हा पडतो, लोक त्याला हसतात. त्याच्या शोकांतिकेत त्याचा दोष किती आणि हसणाऱ्यांचा किती, हे विद्यार्थ्यांना मोजू द्यावे.

त्या विद्यार्थिनीला मी पुढच्या तासाला सांगितले की तिचा प्रश्न बरोबर होता. तिने वहीत काहीतरी लिहून घेतले. या वेळी वर्ग हसला नाही.