कातळाची आठवण आणि २०३१ची मुदत

जुन्या स्पीकरातले लोहचुंबक दोऱ्याला बांधून नाल्याच्या वाळूतून ओढले, की त्याला काळ्या मिशा फुटतात. गावाकडच्या पोरांना हा खेळ सांगायला नको. ती पूड मॅग्नेटाइटची, काळ्या कातळातून झिजून आलेली. वाळूत आलेल्या कणाची दिशा हरवते. कातळात रुतून राहिलेल्याची मात्र शाबूत असते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंडावताना त्यातल्या इलेक्ट्रॉनांच्या स्पिननी, म्हणजे त्यांच्या अंगच्या चिमुकल्या चुंबकत्वाने, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरली, ती सोडलेली नाही. १९५६ साली ब्रिटनमधील शास्त्रज्ञ क्लेग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दख्खनच्या कातळातली ही नोंद वाचली. लाव्हा वाहिला तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, असे त्यांनी सांगितले. भूखंड सरकतात हे तोवर बहुतेक भूशास्त्रज्ञांना पटत नव्हते.

स्पिन एका जागी टिकवणे असे दगडालाही जमते. स्पिनवर चालणारी चिप करायची तर तो वाहून न्यावा लागतो, आणि ते अवघड. विद्युतभार तारेतून मैलोन्‌मैल जातो, स्पिनची दिशा वाटेतल्या धक्क्यांत पुसली जाते. २००४ साली चिकटपट्टीने ग्रॅफाइट सोलून एका अणूच्या जाडीचे ग्राफीन मिळाले आणि आशा वाढली. कार्बनचा अणू हलका, तो स्पिनला फारसा छेडत नाही. २००७ साली नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनला नेहमीच्या तापमानात स्पिन दीड-दोन मायक्रोमीटर तगला. केसाच्या जाडीपुढे हे अंतर नगण्यच! शिवाय जो स्पिनला छेडत नाही, तो त्याला वळवतही नाही. शेजारी टंगस्टन डायसल्फाइडचा थर ठेवला तर वळवता येते, पण मग स्पिनचे आयुष्य घटते. क्रोमियम आयोडाइडचा एकच थरही चुंबक असतो, हे २०१७ साली दिसले; तेही उणे २२८ अंशांखाली.

या इतिहासात मराठी नावही आहे. अश्विन तुळापूरकर यांचा स्पिन-टॉर्क डायोडवरचा शोधनिबंध २००५ साली ‘नेचर’मध्ये आला, जपानमधल्या कामावर. आज ते पवईच्या आयआयटीत आहेत.

इलेक्ट्रॉनच्या स्पिनची कल्पना १९२५ची. तिच्यावर चालणारे हार्ड डिस्कचे वाचनशीर्ष बाजारात आले १९९७ला; मधे सात दशके गेली. स्पिनसारख्या क्वांटम गुणधर्मांवरच्या संशोधनासाठी आपले राष्ट्रीय क्वांटम मिशन २०२३ साली मंजूर झाले, ६,००३ कोटींचे, मुदत २०३०-३१पर्यंत. पैशाचा हिशेब जरूर मागावा. पण मुदत संपताच ‘चिप कुठे आहे?’ म्हणून प्रयोगशाळांना कुलपे लावणे, हा शुद्ध नादानपणा ठरेल.